कॉलेजचे प्रशिक्षक शाळेत फोन करतात, तेव्हा

प्रश्न : मुलगी दहावीत असून कबड्डी खेळते. एका कॉलेजच्या प्रशिक्षकांनी तिच्या क्रीडाशिक्षकांना फोन करून 'अकरावीला आमच्याकडेच पाठवा' असं सांगितलं. हे नियमात बसतं का? (एक पालक, पिंगळी, जि. परभणी)

उत्तर : अमेरिकेत अशा फोनलाही वेळापत्रक आहे. तिथल्या कॉलेज क्रीडास्पर्धांचं नियमन करणाऱ्या 'एनसीएए' या संस्थेच्या पहिल्या श्रेणीत बहुतेक खेळांचे प्रशिक्षक दहावीनंतरच्या १५ जूनपूर्वी विद्यार्थ्याशी भरतीबाबत बोलू शकत नाहीत.

महाराष्ट्रात संपर्काची अशी तारीखवार चौकट नाही. मात्र २०२५-२६पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. म्हणून फोनवरच्या शब्दाने जागा पक्की होत नाही, आणि मुलीच्या वतीने होकार देणं हे क्रीडाशिक्षकांचं कामही नव्हे. निर्णय मुलीचा आणि पालकांचा.

वसतिगृह, जेवण, फी, दुखापतीचा खर्च, मुलींसाठी महिला प्रशिक्षक : सगळं कॉलेजकडून लेखी मागावं. खेळ सुटला तर सवलतीचं काय, हा प्रश्न बहुतेक पालक विचारत नाहीत; तोच आधी विचारावा.

प्रवेश निश्चित होईपर्यंत शाळा सोडल्याचा दाखला आणि मूळ क्रीडा प्रमाणपत्रं कुणाच्याही हाती देऊ नयेत. शंका असल्यास परभणीच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मुलीला सोबत घेऊन जावं.