व्यायाम करताना गार पाणी

पारंपरिक चिनी वैद्यकात प्लीहा आणि जठर ही पचनाची जोडी मानतात. तिला ऊब लागते. घामाने रंध्रे उघडलेली असताना बर्फाचे पाणी प्यायले की ही ऊब विझते, पोट बिघडते, असे ते सांगतात. म्हणून चीनमध्ये अनेकजण व्यायामातही कोमट पाणीच पितात.

घटाघटा प्यायलेल्या अतिथंड पाण्याने काहींच्या पोटात कळ येते, एवढे आम्हालाही पटते. पण प्लीहा रक्त गाळते, अन्न पचवत नाही. शिवाय उन्हात धावताना गार पाण्याने शरीराचे तापमान आटोक्यात राहायला मदत होते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने १९९६ साली १५ ते २२ अंश सेल्सिअसचे पाणी सुचवले होते. आपण माठातले पाणी घोटघोट प्यावे. कोमट पाण्यासाठी तहान मात्र दाबू नये. उन्हात त्याने उष्माघाताचा धोका वाढतो.