कर्ज मंजूर झाल्याचा फोन आला? आधी फोन ठेवा, मग शाखेत विचारा



"अभिनंदन मॅडम, तुमचं पाच लाखांचं मुद्रा लोन मंजूर झालंय. फक्त फाइल चार्ज भरा, संध्याकाळपर्यंत रक्कम खात्यात जमा."

असा फोन तुम्हाला आला तर काय कराल? "मी नाही फसणार" असं लगेच म्हणू नका. आधी ही गोष्ट वाचा.

आपल्या एका बॅचमधल्या ताई वाळूज भागात घरूनच शेवया, पापड, कुरडया करून विकतात. मोठं मशीन घ्यायचं म्हणून त्या कर्जाच्या शोधात होत्या. फेसबुकवर 'घरबसल्या मुद्रा लोन' अशी जाहिरात दिसली. त्यात त्यांनी नाव, मोबाइल, आधार, पॅन सगळं भरलं. तिसऱ्या दिवशी फोन आला. समोरचा माणूस अगदी अदबीनं बोलत होता. व्हॉट्सॲपवर मंजुरीपत्रही आलं, गोल शिक्क्यासकट!

आधी २,५०० रुपये फाइल चार्ज. ताईंनी भरले. दुसऱ्या दिवशी 'लोन इन्शुरन्स'चे ६,८००. तेही भरले. तिसऱ्या दिवशी 'जीएसटी'चे ११,४००. "हे सगळं कर्जाच्या रकमेसोबत परत मिळणार आहे मॅडम." भरले. त्याच दुपारी आणखी १५,००० मागितले, तेव्हा त्यांनी मला फोन केला.

मी एकच विचारलं, "ताई, हे कर्ज कोणत्या बँकेच्या कोणत्या शाखेचं आहे?"

त्या गप्प झाल्या.

हुशार माणूस का फसतो?

या ताई भोळ्या नाहीत. एक किलो शेवयांमागे किती सुटतात, हे त्या झोपेतही सांगतील. मग २०,७०० रुपये गेले कसे? पहिले अडीच हजार आशेपोटी गेले. पुढचे सगळे मात्र आधीचे बुडू नयेत म्हणून गेले. भामट्याचा खरा गळ हाच आहे. पहिली रक्कम तो मुद्दाम लहान ठेवतो.

आणि हा फोन नेमका तुम्हालाच का येतो? कारण तुम्हाला कर्ज हवंय हे तुम्हीच कुठेतरी लिहून दिलेलं असतं. खोट्या जाहिरातीत किंवा खोट्या साइटवर. उद्यम नोंदणीचंच बघा. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते, तरी पैसे घेणाऱ्या नकली साइट आहेतच. तिथे भरलेली माहिती पुढे कुणाच्या हातात जाईल, सांगता येत नाही.

मुद्रा कर्ज खरं मिळतं कसं?

८ एप्रिल २०१५ ला ही योजना सुरू झाली. शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं. ज्यांनी तरुण गटातलं कर्ज नीट फेडलंय, त्यांच्यासाठी २०२४ पासून 'तरुण प्लस'मध्ये २० लाखांपर्यंतची सोय आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. मुद्रा ही संस्था तुम्हाला थेट कर्ज देतच नाही. ती बँकांना आणि वित्तसंस्थांना पुनर्वित्त देते. कर्ज देणार तुमची बँक. त्यामुळे 'मुद्रा ऑफिसमधून बोलतोय, कर्ज मंजूर झालंय' हे वाक्यच खोटं. अशा बनावट मंजुरीपत्रांबद्दल सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनेही वेळोवेळी इशारे दिले आहेत.

"पण सर, खरी बँकसुद्धा प्रोसेसिंग फी घेते ना?" बरोबर, घेऊ शकते. पण ती कागदावर लिहिलेली असते आणि बँक ती तुमच्या खात्यातून किंवा कर्जाच्या रकमेतून रीतसर कापते. कुणा माणसाच्या यूपीआयवर किंवा खासगी खात्यात ती कधीच मागत नाही.

म्हणून आजचा नियम एकच, वहीत लिहून ठेवा: कर्ज हातात येण्याआधी, फोनवर सांगितलेल्या खात्यात एक रुपयाही पाठवायचा नाही.

फोन आला तर काय करायचं?

१. फोन ठेवा. वाद घालू नका, पत्रातली चूक शोधत बसू नका. कंपनीचं नाव खरं आहे म्हणून फोन खरा ठरत नाही. पुण्याच्या बजाज फायनान्ससारख्या मोठ्या कंपनीचं नावही भामटे वापरतात.

२. पासबुकवरच्या नंबरवर स्वतः फोन लावा किंवा शाखेत जा. आलेल्या नंबरवर उलट फोन करून खात्री होत नाही. गुगलवर सापडलेला 'कस्टमर केअर'ही बनावट असू शकतो.

३. नंबर बघा. बँकांच्या सेवा-व्यवहाराच्या फोनसाठी १६०० आणि जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिले आहेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून 'बँक मॅनेजर' बोलत असेल तर सावध व्हा. आणि नंबर कोणताही असो, ओटीपी आणि पिन द्यायचा नाही.

४. एपीके फाइल किंवा स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगितलं तर अजिबात टाकू नका. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

पैसे गेलेच तर?

लाजू नका, वेळ घालवू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही तक्रार नोंदवता येते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळवले जातात. ते काढले जाण्याआधी तक्रार पोहोचली, तरच अडवता येतात. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा.

तुमचा ओटीपी किंवा पिन दिला गेल्यामुळे खात्यातून पैसे गेले असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे इथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे.

आणि हो, नंतर "तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा" असा फोन आला, तर तो त्याच नाटकाचा दुसरा अंक समजा.

ताईंनी माझा फोन ठेवला आणि लगेच १९३० लावला. शेवटचे ११,४०० अडवले गेले. आधीचे ९,३०० गेलेच. पुढच्या आठवड्यात मशीनचं कोटेशन, उद्यम नोंदणी आणि खात्याचा उतारा घेऊन त्या आपलं बचत खातं असलेल्या शाखेत गेल्या. तिथे त्यांना चार प्रश्न विचारले, दोन कागद कमी निघाले, पुन्हा बोलावलं. त्या जरा वैतागल्या. मी म्हटलं, "ताई, जो खरंच पैसे देणार असतो, तो आधी प्रश्न विचारतो."

आजचा गृहपाठ: पासबुक काढा, आपल्या शाखेचा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा. त्याखाली १९३० सेव्ह करा. आणि घरात जो कोणी दुकानाचा फोन उचलतो, त्याला हा एक नियम आज रात्री जेवताना सांगा.