दम्याची चिठ्ठी नीट समजून घ्या



तोड झालेल्या फडात पाचट पेटले की दम्याच्या माणसाची छाती भरते. मग सोलापूरच्या सिव्हिलकडे धाव घ्यावी लागते. औषध ठरवणे डॉक्टरांचे काम. पण गटात फिरताना जे दिसते ते आम्ही सांगतो.

दवाखान्यात आधी बोटाला यंत्र लावून रक्तातला प्राणवायू पाहतात. कमी असल्यास ऑक्सिजन लावतात. मास्कमधून सालब्युटामॉलची वाफ देतात. सूज उतरावी म्हणून प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड, बहुधा ५ ते ७ दिवस. घरी सोडताना चिठ्ठीवर पंप लिहितात. इथेच आपली माणसं चुकतात. "पंपाची सवय लागते" म्हणून तो फळीवर ठेवतात नि गोळ्या मागतात.

हिशेब करा. सालब्युटामॉलच्या ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत ४००० मायक्रोग्रॅम औषध. पंपाच्या एका दाबात १००. गोळी अंगभर फिरते, हात थरथरतात. पंपाचे औषध थेट श्वासनळीत जाते.

श्वासनळी लगेच मोकळी करणारे औषध वेगळे, आणि आतली सूज आवरणारे बुडेसोनाइडसारखे औषध वेगळे. काणी येऊ नये म्हणून आपण बेणेप्रक्रिया करतो, तसे हे दुसरे. बरे वाटले तरी ते मनाने बंद करू नये. नुसत्या सालब्युटामॉलवर राहू नये, असे २०१९ पासून जागतिक मार्गदर्शनही सांगते. पंपानंतर चूळ भरावी.

आणि पाचट न जाळता सरीत कुजवावे, ही नेहमीची विनंती या निमित्ताने पुन्हा करतो.