वाफ्यातला धीर

वारकरी मंडळीत एक प्रश्न नेहमी कानावर येतो. "माळ घालून इतकी वर्षे झाली. हरिपाठ चुकला नाही, आषाढी चुकली नाही. मग राग का जात नाही?" विचारणारा खोटा नसतो. खरे सांगायचे तर आम्हीही हा प्रश्न विचारलेला आहे. त्याचे उत्तर आम्हाला मांडव्यास, घरामागच्या चार हात जमिनीत मिळाले.

मांडवा हे अलिबाग तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. कार्तिकी झाली, भाताची कापणी उरकली, की येथे भाजीपाल्याचे दिवस येतात. त्या सुमारास आम्ही परसात दोन वाफे केले. एकात लाल माठ व मुळा, दुसऱ्यात वांग्याचे आणि पांढऱ्या कांद्याचे बी टाकले.

तिसऱ्याच दिवशी चूक झाली. कांद्याचे काही दिसेना, म्हणून काडीने माती उकरली. बी नुकते फुगून कोंब धरीत होते, ते आमच्याच हाताने मोडले. पुन्हा बी टाकले आणि घाईने दोन्ही वेळा भरपूर पाणी घातले, तर कोवळी रोपे बुडाशी कुजून आडवी पडली. शेजारची आजी कुंपणापलीकडून म्हणाली, "बी काय पलून जातंय का? निजू द्या त्याला जरा!"

मग आम्ही शिकलो. माठ महिन्याभरात ताटात येतो, मुळ्याला दीड महिना लागतो. वांग्याचे रोप चार-पाच आठवड्यांनी लावायचे, त्यावर फळाला आणखी दोन महिने. कांद्याचे रोपच दीड-दोन महिन्यांनी लावण्याजोगे होते, आणि पुढे तीनएक महिने थांबावे लागते. याच अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला 2022 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तोही घाईने पोसत नाही. माठ लवकर आला म्हणून तो मोठा भक्त नव्हे, आणि कांदा उशिरा आला म्हणून नास्तिक नव्हे. ज्याचा त्याचा काळ असतो.

परंतु धीर म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. तण काढणे, माती भुसभुशीत ठेवणे, खाऱ्या वाऱ्याला आडोसा करणे, बेताने पाणी देणे, हे आपल्याकडे. कोंब फुटणे त्याच्याकडे. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात माउलींनी कर्तेपण सोडून कर्म देवाला अर्पण करण्याची रीत सांगताना माळ्याच्या पाण्याचाच दृष्टांत घेतला आहे. हाती पाण्याचा तांब्या घेतल्यावर तो आम्हाला खरा कळला. अरणचे सावता महाराज तर मळा सोडून देव शोधायला गेले नाहीत. ते काम करीत राहिले, आणि पांडुरंगच मळ्यात आला, असे परंपरा सांगते. आजही त्यांच्या पुण्यतिथीला पंढरीहून पांडुरंगाची पालखी अरणला जाते.

आता रागाचे ऐकावे. वांगी फुलावर आली असताना एका दुपारी आजीची शेळी आत शिरली आणि सारी रोपे खुडून गेली. गळ्यात माळ असताना आम्ही त्या म्हातारीला नको ते बोललो. रात्री हरिपाठाला बसलो, पण शब्द तोंडातून निघेनात. सकाळी उठून तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, "बुडखं उपटू नका, पानी घाला."

आम्ही पाणी घालीत राहिलो. पंधरा-वीस दिवसांत खुडलेल्या बुडख्यांना नवे फुटवे आले, आणि पुढे फळही धरले. पहिली वांगी आजीच्या घरी गेली.

तेव्हा उत्तर उमगले. राग गेला नव्हता. परंतु पूर्वी आमचा अबोला महिनोन् महिने चाले. या वेळी एका रात्रीत पाय परत फिरले. इतक्या वर्षांच्या नामाचा कोंब तो हाच, आणि आम्ही मात्र काडी घेऊन माती उकरीत होतो!

म्हणून वाचकहो, यंदा कार्तिकीहून परत आलात की घरामागे एक वाफा करा. जागा नसेल तर कुंडी चालेल, कांदा वर्ज्य असेल तर वाल लावा. रोज पाणी घालताना नाम घ्या. आणि आपले मन किती निवळले, हे दर तिसऱ्या दिवशी उकरून पाहू नका. नेम सोडू नये, फळ मोजू नये.

रामकृष्णहरि.