गोळी बंद केल्यावरचा पहिला महिना

थायरॉईडची गोळी बंद केली, की पहिले काही आठवडे बहुतेकांना काहीच होत नाही. ‘थायरॉईड मुळापासून बरा करतो’ म्हणणाऱ्यांचं सगळं याच आठवड्यांवर चालतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या आजारपणात मला हे कळलं, आणि ते इतरांना सांगायलाच हवं असं वाटतं.

आम्हा दोघींनाही हाशिमोटो आहे. यात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच थायरॉईड ग्रंथीवर उलटते. ग्रंथी हळूहळू निकामी होत जाते आणि तिचं हार्मोन, थायरॉक्सिन, कमी पडू लागतं. जपानच्या हाकारू हाशिमोटो या डॉक्टरांनी १९१२ साली चार स्त्रियांच्या सुजलेल्या ग्रंथी तपासून या आजाराचं वर्णन केलं. घरात एकीला असला तर दुसरीला होण्याची शक्यता वाढते. माझा दुसऱ्या बाळंतपणानंतर निघाला, बहिणीचा पस्तिशीत.

गोळी घेऊनही तिचं वजन उतरत नव्हतं, केस गळत होते आणि थायरॉईडविरोधी अँटीबॉडीचा आकडा हजाराच्या वर होता. एका आहार सल्लागाराने तिला यादी दिली. गहू, दूध, कोबी, फ्लॉवर बंद. सेलेनियमच्या आणि समुद्री शेवाळाच्या गोळ्या सुरू. आणि थायरॉईडची गोळी आधी निम्मी, मग बंद. थोड्याच दिवसांत तिचा फोन आला, “ताई, किती हलकं वाटतंय मला! तूही सोड आता ती गोळी.” वजन थोडं उतरलं होतं, अँटीबॉडीही खाली आल्या होत्या. दिवाळीला माहेरी आली तेव्हा मात्र तिचा आवाज घोगरा झालेला, डोळ्यांखाली सूज, भर दुपारी अंगावर शाल. बोलताना साधे शब्द आठवेनात. आई म्हणाली, दगदग झाली असेल. रक्त तपासलं तर टीएसएच, म्हणजे थायरॉक्सिन कमी पडलं की वाढणारं हार्मोन, ८० च्या वर आणि कोलेस्टेरॉलही वाढलेलं.

हार्मोनच्या डॉक्टरांनी तिला शांतपणे समजावलं. रक्तातलं थायरॉक्सिन निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. शिवाय ग्रंथी अजून थोडंफार काम करत असते. म्हणून गोळी थांबली तरी काही आठवडे आधीच्या साठ्यावर निघतात. त्याच काळात बाहेरचं खाणं, गोड आणि तळण सुटलेलं असतं, त्यामुळे खरोखरच बरं वाटतं. पण त्याचं श्रेय जातं गोळी सोडण्याला. डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात, तेही यामुळेच.

मग ज्यांची गोळी खरंच सुटते, त्यांचं काय? काहींचा टीएसएच पाच-सहापर्यंत, म्हणजे किंचितच वाढलेला असतो आणि पुढच्या तपासणीत आपोआप खाली येतो. काही बायकांना बाळंतपणानंतर थायरॉईडची सूज येते आणि बहुतेकींची वर्षभरात ओसरते. अशा लोकांचे अनुभव खोटे नसतात. मात्र ज्याची ग्रंथी निकामी झाली आहे, त्याला ते लागू पडत नाहीत.

अँटीबॉडीच्या आकड्याचंही तसंच आहे. २००२ साली जर्मनीत ७० स्त्रियांवर एक अभ्यास झाला. रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम घेणाऱ्यांच्या अँटीबॉडी तीन महिन्यांत कमी झाल्या. याचा दाखला सगळे देतात, पण त्या स्त्रियांची थायरॉक्सिनची गोळी चालूच होती हे कुणी सांगत नाही. अँटीबॉडी कमी झाल्या म्हणून नष्ट झालेल्या पेशी परत येत नाहीत. ग्रंथी किती काम करते, हे टीएसएच आणि टी-४, म्हणजे थायरॉक्सिन, यांवरून कळतं.

सेलेनियम जास्त झालं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात. म्हणजे ज्या तक्रारीसाठी बाई ते घेते, तीच वाढते. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक झडू लागले, तेव्हा डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं होतं. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांत आयोडीन भरपूर असतं, आणि जादा आयोडीनने हाशिमोटो बळावू शकतो. स्वयंपाकातलं आयोडीनयुक्त मीठ मात्र बंद करू नका, तेवढं आयोडीन शरीराला हवंच.

आता गहू. हाशिमोटो असलेल्यांत सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होण्याचा आजार, इतरांपेक्षा जास्त आढळतो. तो असेल तर गहू कायमचा सोडावा लागतो, आणि सोडल्यावर थायरॉईडची गोळीही नीट अंगी लागते. पण ही रक्ततपासणी गहू खात असतानाच करायची. आधी पोळी सोडली तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. सिलिअ‍ॅक नसेल तर पोळी सोडून थायरॉईड बरा होतो असा भक्कम पुरावा नाही.

शिजवलेला कोबी, फ्लॉवर, मुळा घरच्या प्रमाणात खुशाल खा. बाजरीतली काही द्रव्यं थायरॉईडच्या कामात अडथळा आणतात, हे सुदानमधल्या दारफूर भागाच्या अभ्यासात दिसलं. पण तिथे बाजरी हेच मुख्य अन्न होतं आणि आयोडीनची टंचाई होती. थंडीतली तुपाबरोबरची बाजरीची भाकरी कुणी तोडायचं कारण नाही.

आहाराचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. हिमोग्लोबिन आणि लोह तपासून घ्या, कारण थायरॉईडचं हार्मोन बनवणाऱ्या एन्झाइमलाच लोह लागतं, आणि आपल्याकडच्या कितीतरी बायकांना ते कमी असतं. बी-१२ आणि ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढा. थकवा पुष्कळदा तिथलाच असतो. गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या आणि चहा-कॉफीला अर्धा ते एक तास थांबा. ही गोळी आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या यांत चार तासांचं अंतर ठेवा. सोयाबीनचे पदार्थही गोळीला लागून खाऊ नका. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीच्या निदान दोन दिवस आधी थांबवा, नाहीतर रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. बहिणीचा डोस पुन्हा बसल्यावर आम्ही या गोष्टी कटाक्षाने पाळल्या, आणि आज ती ठणठणीत आहे.

नव्या उपचारांबद्दल मीही आशेने वाचते. ब्राझीलमध्ये साओ पाउलोला ४३ रुग्णांवर कमी शक्तीच्या लेसरचा प्रयोग झाला. लेसर घेतलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पुढचे नऊ महिने गोळी लागली नाही. हा निकाल उत्साह वाढवणारा आहे, पण एवढ्या थोड्या रुग्णांवरून उपचार ठरत नाही. नॉर्वेत औषध घेऊनही त्रास न थांबलेल्या १५० जणांवर अभ्यास झाला. ग्रंथी काढलेल्यांना बरं वाटलं, पण शस्त्रक्रियेची गुंतागुंतही काहींच्या वाट्याला आली, आणि गोळी तर जन्मभर राहिलीच. ब्रसेल्समध्ये २०१२ साली मूळपेशींपासून थायरॉईडची ऊती तयार करून उंदरांत बसवली आणि तिने हार्मोन बनवलं. ते माणसापर्यंत पोचेल तो दिवस मला पाहायचा आहे. पण आज कुणी ‘स्टेम सेलने थायरॉईड बरा’ म्हणून पैसे मागत असेल, तर देऊ नका.

कोणताही उपाय समोर आला की विचारा: अभ्यासातल्या लोकांची गोळी चालू होती का? फक्त अँटीबॉडी उतरल्या, की ग्रंथी पुन्हा काम करू लागली? किती दिवस लक्ष ठेवलं? उत्तर मिळालं नाही तर तिथून निघा.

मूल हवं असेल तर आधीच टीएसएच जुळवून घ्या. दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना भेटा, कारण पहिल्या तीन महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर वाढतं आणि डोस बहुधा वाढवावा लागतो. आणि कुणाच्या सांगण्यावरून गोळी सोडली असेल, तर बरं वाटत असलं तरी याच आठवड्यात टीएसएच तपासा. वय झालं असेल किंवा हृदयाचा आजार असेल, तर जुना डोस स्वतःहून सुरू करू नका. अशा वेळी थोड्या डोसपासून सुरुवात करतात, आणि ती डॉक्टरांनीच करून द्यायला हवी.