ई-कचऱ्याचा रोबो: मुलांच्या हाती काय द्यावे?

प्रश्न : शाळेने मुलांना ई-कचऱ्यातून रोबोची शिल्पे करायला सांगितली आहेत. ते सुरक्षित आहे का?

उत्तर : आहे, मात्र सुटे भाग मोठ्यांनी निवडून द्यावेत. कीबोर्डची बटणे, माउस, रिमोटची कवचे, स्पीकरच्या जाळ्या एवढ्यातून रोबो छान उभा राहतो. लिथियम बॅटरी टोचली गेली तर पेटते, सीएफएलमध्ये पारा असतो, जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे. हे मुलांना देऊच नका. जुन्या सर्किट बोर्डांच्या सोल्डरमध्येही शिसे असते, म्हणून बोर्ड कापू, घासू वा तापवू नयेत. ‘आम्हीही लहानपणी रेडिओ उघडले, काही झाले नाही,’ असे पालक म्हणतात. पण शिशाचा परिणाम लगेच दिसत नाही, आणि वाढत्या मेंदूला त्याची थोडी मात्राही बाधते.

दुसरा आक्षेप असा, की शिल्पांनी कचरा कितीसा घटणार? 2022 मध्ये जगात सुमारे 6.2 कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यापुढे शिल्पे नगण्यच. तरीही हा उपक्रम मला मोलाचा वाटतो, कारण वस्तू उघडून पाहणाऱ्या मुलाला ती दुरुस्त होऊ शकते हे उमगते. फक्त जोडणी गोंदाऐवजी स्क्रू आणि तारेने करा, म्हणजे प्रदर्शनानंतर भाग सुटे करून नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राला देता येतील.