कुरणातील शाळा

मनुष्याचे मन मोठे विलक्षण आहे. जी गोष्ट त्यास आवडते, तिच्यासाठी ते वाटेल तेवढे कष्ट आनंदाने सोसते. आणि जिचे भय वाटते, ती कितीही हिताची असली तरी तिच्यापासून ते दूर पळते. झाडाच्या शेंड्यावरची चिंच काढताना अंग खरचटले तरी मुलाला त्याचे काही वाटत नाही. पण तेच मूल छडीच्या धाकाने पाढे म्हणू लागले, की येत असलेला पाढाही विसरते. घरोघरच्या आयांना हे पूर्वीपासून ठाऊक होते. शाळा उभारणाऱ्यांना मात्र ते उमगण्यास फार काळ लागला.

इटली देशात मारिया माँटेसरी नावाच्या एक विदुषी होऊन गेल्या. त्या मूळच्या डॉक्टर. १९०७ साली रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी लहान मुलांसाठी एक बालगृह उघडले. तेथील एका साधनाची रचना मोठी मार्मिक होती. एका लांबट लाकडी ठोकळ्यात लहानमोठी भोके असून प्रत्येक भोकात नेमका बसेल असा एकेक दट्ट्या होता. दट्ट्या चुकीच्या भोकात घातला तर तो आत जात नसे, किंवा सैल तरी बसे. चूक दाखविण्यास कोणाचा दरारा नको की शिक्षा नको. ते लाकूडच मुलाला मुकाट्याने त्याची चूक दाखवी.

एके दिवशी सुमारे तीन वर्षांची एक मुलगी हे दट्टे काढघाल करीत बसली होती. तिची तल्लीनता पाहण्यासाठी माँटेसरीबाईंनी इतर मुलांना गाणे म्हणावयास लावले. पुढे तिची खुर्चीच तिच्यासह उचलून मेजावर ठेवली. मुलीने आपले साहित्य मांडीवर सावरून धरले आणि काम तसेच चालू ठेवले. चाळीसहून अधिक वेळा तिने ते दट्टे काढले व पुन्हा बसविले. मग गाढ झोपेतून जागे व्हावे, तशी ती प्रसन्न मुद्रेने थांबली. तिला ना कोणी बक्षीस देऊ केले होते, ना कोणी धाक घातला होता.

हा विचार भारतातही रुजला. गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. परंतु शहरातील बालमंदिरांचे साहित्य खर्चाचे होते. खेड्यातील दरिद्री घरच्या मुलांना ते कोठून मिळणार? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी या समुद्रकाठच्या गावी काम सुरू केले. हे गाव आज पालघर जिल्ह्यात आहे. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालपणीच विवाह आणि लगोलग वैधव्य असा आघात सोसूनही अनुताईंनी जिद्दीने शिक्षण घेतले होते. विद्येची ओढ काय असते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

बोर्डीस बालवाडी उघडली. पण गरीब वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. 'या मुलांना शिक्षणाची आवडच नाही,' असे म्हणून कोणीही हात झटकले असते. ताराबाईंनी मात्र मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळेची रचनाच बदलली. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे! शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. मुलांना न्हाऊमाखू घालावे, केस विंचरावे, गोष्टी सांगाव्या, गाणी म्हणावी, आणि हसतखेळत चार गोष्टी शिकवाव्या, असा क्रम सुरू झाला. ही अंगणात भरणारी बालवाडी म्हणजेच अंगणवाडी होय.

शिंपले, खडे, बिया, पाने, काटक्या हेच तेथील शिक्षणाचे साहित्य झाले. त्याला पैसा पडत नसे. आणि जन्मापासूनच्या ओळखीच्या वस्तू हाती आल्यामुळे मूल बुजतही नसे. माँटेसरीबाईंच्या साधनांची केवळ नक्कल न करता ताराबाईंनी त्यांमागचे तत्त्व उचलले, यातच त्यांची खरी प्रतिभा दिसते.

१९५७ साली हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुलांपुढे निराळीच अडचण होती. कोणाला धाकटे भावंड सांभाळावे लागे, तर कोणाला गुरे राखावी लागत. भावंडाला टाकून शाळेत यावे, तर जीव त्याच्यापाशी गुंतलेला. गुरे सोडून यावे, तर घरचे पोट कसे चालावे? तेव्हा भावंडांसाठी शाळेलाच जोडून पाळणाघर निघाले, आणि गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात गेले. गुरे चरत असत आणि झाडाच्या सावलीत अक्षरे गिरविली जात. हीच ती कुरणशाळा!

ताराबाई १९७३ साली निवर्तल्या. अनुताईंनी पुढेही, १९९२ साली देहावसान होईपर्यंत, हे व्रत चालविले. भारत सरकारने १९७५ साली बालविकासाची मोठी योजना हाती घेतली, तेव्हा तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले. आज ते देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचले आहे.

आवडीचे शिक्षण म्हणजे कष्टांवाचून मिळणारे शिक्षण नव्हे. चाळीस वेळा तेच काम करणाऱ्या त्या चिमुकल्या मुलीने कष्ट का थोडे केले? पण ते कष्ट तिने आपखुषीने केले. भीती गेली आणि जिव्हाळा आला, की मन आपोआप कामाला जुंपून घेते. म्हणून शाळा असो, पुस्तक असो, की साधे खेळणे असो, ते घडविणाऱ्याने आधी ज्याच्यासाठी घडवावयाचे त्याचे मन जाणले पाहिजे.

स्वाध्याय

१. लाकडी ठोकळ्याच्या साधनात मुलाला आपली चूक कशी कळे?
२. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी काय केले?
३. कोसबाडच्या मुलांच्या अडचणी कोणत्या व त्या कशा दूर झाल्या?
४. 'आवडीचे शिक्षण म्हणजे कष्टांवाचून मिळणारे शिक्षण नव्हे' हे विधान आपल्या शब्दांत स्पष्ट करा.